खरातमॅडमचा सकाळचा प्रश्न

माझा पुतण्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. परवा त्याला संस्थेने सांगलीला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. विषय असा, की कठीण काळात स्वतः खचायचं कसं नाही आणि हाताखालच्या माणसांना खचू द्यायचं कसं नाही. परत येताना तिथं मिळालेला एक रबरी चेंडू घेऊन आला. माझ्यासमोर तो दाबला, सोडला आणि म्हणाला, "काका, बघा. दाबला की पुन्हा होता तसा. माणसानं असं असावं."

मी म्हणालो, "बाबा, चेंडूला सगळं जमतं. त्याला आठवण नसते."

त्याला राग आला. म्हातारपणी माणूस किरकिरा होतो, असं काहीतरी पुटपुटत तो गेला. किरकिरा मी पहिल्यापासूनच आहे, म्हातारपणाला उगाच बोल लागतो. पण तो गेल्यावर मला खरातमॅडम आठवल्या आणि दिवसभर दुसरं काही सुचेना.

माझी सगळी नोकरी वीज कंपनीत कारकुनी करण्यात गेली. शेवटची वर्षं वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावातल्या शाखा कार्यालयात काढली. शाखा म्हणजे काय, तर एक इंजिनिअर, मूठभर लाइनमन, एक कारकून आणि शिव्या ऐकायला एक टेलिफोन. त्या शाखेवर वैशाली खरात नावाच्या बाई इंजिनिअर म्हणून आल्या. माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. वडील मुंबईला गोदीत, आई गावी शेळ्या राखून पोरांना शिकवणारी.

आमचे सगळ्यात जुने लाइनमन म्हणजे तात्या. खांबावर चढण्यात आणि दुसऱ्याला खांबावर चढवण्यात सारखेच वाकबगार. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "माणदेशात पाणी बघायला मिळत न्हाई. म्हणून नदीकाठची बदली मागून घेतली असंल." मॅडमनी ऐकलं. म्हणाल्या, "व्हय तात्या. आन् तुमचं पाणी बी बघायचं हाय." तात्या खूश झाले. उलट उत्तर देणारा साहेब त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

बाई दिसायला किरकोळ. चष्मा नेहमी घसरलेला आणि स्कूटी चालवायच्या अशी, की समोरून येणाऱ्याने रस्ता सोडून शेतात उतरावं. फायलींचा त्यांना मनापासून कंटाळा. महिन्याचा अहवाल मागून मागून माझी जीभ झिजली. वरच्या साहेबांशी फोनवर बोलताना पारा चढला, की त्या उभ्या राहायच्या. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं पर्समधले गूळ-शेंगदाणे खायच्या आणि मगच माणसात यायच्या. सकाळी सगळ्यांचा चहा स्वतः करायच्या. त्यात आलं इतकं घालायच्या, की तात्या त्याला काढा म्हणायचे. पण तो काढा प्यायला सगळे वेळेवर यायचे, कारण कामाचं वाटप त्या चहाबरोबरच व्हायचं.

आणि ते व्हायच्या आधी एक प्रश्न. कप हातात देताना त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून विचारायच्या, "झोप झाली का?"

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत असेल. एकदा एकाने सहज सांगितलं, "न्हाई मॅडम, पोरगं रडत हुतं रातभर." मॅडम म्हणाल्या, "मग आज खांबावर जायाचं न्हाई. काकांच्या टेबलाशी बसायचं." का रडत होतं, बायकोशी भांडण झालं का, आदल्या रात्री कुठं बसला होतास, यातलं काही विचारायचं नाही हा त्यांचा नियम. झोप झाली नाही एवढं सांगितलं की पुरे. तेव्हापासून माझं टेबल म्हणजे झोप न झालेल्यांचा कोंडवाडा झाला. रोज कोणीतरी डोळे चोळत समोर बसलेला. काही बहाद्दरांनी फायदा घेऊन पाहिला. उन्हाचा दिवस बघून "झोप न्हाई झाली" म्हणायचे. मॅडम त्यांना तक्रारीच्या फोनवर बसवायच्या. दोन तास गावच्या शिव्या ऐकल्या, की माणसाला खांब बरा वाटायचा.

तात्यांनी एकदा विचारलं, "आवं मॅडम, हे खूळ कुठनं आणलं?"

"माझ्या आईचं हाय. जागरण झालं की ती शेळ्या डोंगराला न्यायची न्हाई. दारातच पाला टाकायची. म्हणायची, पेंगत्या राखणदाराची शेळी लांडग्याची."

"म्हंजे आमी शेळ्या?"

"तुमी बोकड," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस तात्यांना पोरं बोकड म्हणत होती.

हसण्यावारी गेलं खरं, पण एक गोष्ट झाली. पूर्वी आमच्या शाखेत थकलो म्हणणं म्हणजे बायकी काम. ताप अंगात घेऊन चढणाऱ्याची वाहवा व्हायची. मॅडमच्या काळात पहिल्यांदा गडी माणसं एकमेकांना "आज माझं काय खरं न्हाई गड्या, तू चढ" असं म्हणू लागली आणि दुसरा निमूट चढू लागला. एकाच्या बापाचं आजारपण, एकाचं दारू सोडणं, सगळं त्या एका प्रश्नाच्या आडोशाने निभावलं. मी पुष्कळ साहेब पाहिले. त्यांना आपल्या माणसांचं काम माहीत असायचं. हिला त्यांची दमणूक माहीत होती.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पिकं वाळायला लागली, नवा मिळेना. सरपंचासह गाव ऑफिसवर चालून आलं. टाळं ठोकणार म्हणाले. मॅडम आत गेल्या आणि ड्रॉवरमधलं कुलूप घेऊन बाहेर आल्या. "हे घ्या. तुमच्यापेक्षा आमचं मजबूत हाय. मला घाला आत, पण लाइनमनला बाहेर ठेवा. त्यांना काम हाय." गाव गडबडलं. ठोकायला आलेल्याला कुलूप हातात दिलं की काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. शेवटी ठोकलंच. त्यात मीही आत राहिलो, कारण मी फाईल शोधत होतो. संध्याकाळी कुठूनतरी ट्रान्सफॉर्मर आला, तात्यांनी आणि पोरांनी तो बसवला, गावात दिवे लागले. पण कुलूप उघडायला कोणी येईना. किल्ली ज्या म्हाताऱ्याच्या खिशात होती तो दिवे आल्याच्या आनंदात जेवून झोपला होता. मॅडम मला शेंगदाणे देत म्हणाल्या, "काका, शिव्या माझ्या वाटणीच्या. पोरांच्या वाटणीला नुसतं काम. यवढं जमलं तरी लय झालं."

एवढं जमत होतं. मग पूर आला.

कृष्णेचा पूर मी लहानपणापासून पाहतोय, पण तो पूर वेगळा होता. पाणी आलं ते बसून राहिलं, आणि गेलं तेव्हा खांब उसात लोळत होते, तारा चिखलात होत्या. गावाच्या चारी बाजूंनी पाणीच पाणी होतं आणि प्यायला थेंब नव्हता, कारण पाणीपुरवठ्याच्या मोटारी बंद. वरून तासातासाला फोन. पुढारी येत, फोटो काढत आणि जाताना "आजच्या आज लाइट पाहिजे" असं सांगून जात.

पहिले काही दिवस मॅडमनी प्रश्न विचारला. सगळ्यांचं उत्तर एकच, न्हाई. मग त्यांनी जोड्या लावल्या. दोघांत ज्याची झोप थोडी तरी बरी त्याने चढायचं, दुसऱ्याने खाली थांबायचं. तेही चार दिवस चाललं. एका सकाळी तात्या म्हणाले, "मॅडम, आता हे इचारू नका. खरं सांगितलं तर काम बंद पडतंय. उगं खोटं बोलायला लावताय."

मॅडमनी त्यांच्या हातात कप दिला आणि पुढच्याला विचारलं, "झोप झाली का?"

आमच्यात दीपक नावाचा एक लाइनमन होता. तिशीही न गाठलेला, शीळ वाजवत खांब चढणारा. त्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं. बायको आणि लहान मुलगी शाळेतल्या छावणीत, म्हशी माळावर बांधलेल्या, आणि हा दिवसभर दुसऱ्यांच्या घरी लाइट देऊन रात्री म्हशींपाशी बसणारा. मॅडमनी त्याला रजा घे म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, "घरी जाऊन काय करू मॅडम? घरात पाणी हाय."

तो दिवस मला लख्ख आठवतो. पलीकडच्या गावाची पाण्याची मोटार काही करून सुरू करायची होती. मॅडम कानाला फोन लावूनच चहा देत होत्या. वरचा साहेब ओरडत होता, त्याचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. कप दिले गेले, कामं सांगितली गेली. प्रश्न राहून गेला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

तुटलेली तार जोडायची असली, की काम सुरू करण्याआधी तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या तारा साखळीने जमिनीला जोडून घ्यायच्या असतात. लाइन बंद असली तरी. कारण कुठंतरी कोणी जनरेटर लावला असेल, तर त्याचा करंट उलटा तारेत येतो. दीपकने एका बाजूला साखळी टाकली. दुसरी टाकायची राहिली. नवशिक्याचीही होणार नाही अशी ती चूक. त्याच्या जोडीदाराने पाहिलं नाही, कारण तो खाली खांबाला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. गावातल्या हॉलमध्ये कोणीतरी मोबाइल चार्ज करायला जनरेटर सुरू केला.

मी जास्त लिहीत नाही. खाली आणला तेव्हा संपलेलं होतं.

मॅडमबरोबर मी त्या छावणीत गेलो. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून बायका बसल्या होत्या. दीपकची बायको मध्ये. रडून झालेलं होतं. तिने मॅडमना ओळखलं, सरकून जागा दिली. मग ती म्हणाली, "रोज घरी येऊन सांगायचं. आमच्या मॅडम रोज झोप झाली का म्हणून इचारत्यात. मी हसायची, म्हणायची, आईनं बी यवढं इचारलं न्हाई तुमाला." ती थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. "त्या दिवशी इचारलं न्हवतं व्हय, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "न्हाई."

तिने मान हलवली. पोरगी मांडीवर झोपली होती, तिच्या अंगावरची ओढणी सारखी केली. आम्ही उठलो. त्या माउलीने शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आली असती तर फार बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढे चौकशी झाली. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा, असं ठरलं. मॅडम साहेबांना म्हणाल्या, "चढवलं मी. निष्काळजीपणा माझा लिहा." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावलं, की मॅडम, नियमाप्रमाणे साखळी टाकणं ही चढणाऱ्याची जबाबदारी; झोपेचं आपल्या नियमात काही नाही. खरंच नव्हतं. जो नियम मोडला तो मॅडमचा घरचा होता, तो कोणत्याच पुस्तकात नव्हता. त्यामुळे त्याची शिक्षाही कुणाला देता येईना. मॅडमना ती हवी होती.

पण मला सांगायचंय ते त्या चौकशीच्या आधीचं. दीपकला पोहोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी सगळे ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले. कोणी आत येईना. अर्धा मुलूख अजून अंधारात होता. वरून निरोप होता, माणसं कामाला लावा, नाहीतर बाहेरून मागवतो. मॅडमनी चहा केला. ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमधले कप वाजत होते. पहिला कप तात्यांना दिला आणि विचारलं, "झोप झाली का?"

तात्यांचे डोळे विस्तवासारखे लाल होते. दीपकला त्यांनीच शिकवलेलं. ते म्हणाले, "झाली मॅडम. लय झ्याक झाली."

दुसऱ्याला विचारलं. "झाली मॅडम." तिसऱ्याला. "झाली." दीपकचा जोडीदार, जो खाली डुलक्या घेत होता, तो आदल्या दिवसापासून अन्नाला शिवला नव्हता. तोही म्हणाला, "झाली."

एकजात खोटं. मॅडमना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे पोरांना कळत होतं. बाईला बळ यावं म्हणून पोरं खोटं बोलत होती, आणि गावाला पाणी मिळावं म्हणून बाई ते खरं धरत होती. मॅडमनी कामं वाटून दिली. पोरं पट्टे बांधून गेली. पुढच्या काही दिवसांत एकेक गाव उजळत गेलं. शेवटच्या गावाने तात्यांना हार घातला, नारळ दिला. तात्यांनी तो नारळ वाटेत ओढ्यात टाकला.

लोक म्हणाले, काय टीम आहे! माणूस गेला तरी मोडली नाही. खरंच मोडली नाही. पोरं पुन्हा हसायला लागली, एकमेकांची पाळी सांभाळू लागली. मॅडमनी जे उभं केलं होतं ते पक्कं निघालं. फक्त उभं करणारी आतून गेली होती, आणि ते वरून दिसत नव्हतं. चहा होता, प्रश्नही होता. पण आता विचारताना त्या कपाकडे बघायच्या.

वर्षभराने कंपनीने सांगलीच्या एका हॉटेलात शिबिर घेतलं. माझ्या पुतण्याच्या शिबिरासारखंच. पुण्याहून एक व्याख्याते आलेले, फार गोड बोलणारे. शेवटी पूरकाळातल्या खंबीर नेतृत्वासाठी मॅडमचा सत्कार होता. शाल घातली, टाळ्या झाल्या. व्याख्यात्यांनी माइक पुढे करून विचारलं, "मॅडम, एवढा मोठा आघात होऊनही दुसऱ्या दिवशी तुमची टीम कामावर आली. हे कसं साधलंत?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांनी यायला नको होतं."

सभागृहाला नीट कळलं नाही. व्याख्याते हसले.

"त्यांनी रडायला पाहिजे होतं," मॅडम म्हणाल्या. "घरी बसायला पाहिजे होतं. माझ्यासाठी आली. मी येऊ दिलं. यात शिकण्यासारखं काही नाही." आणि माइक परत दिला. व्याख्याते मोठे तयारीचे. म्हणाले, "पाहिलंत? ही नम्रता!" पुन्हा टाळ्या. जेवणात बासुंदी होती. मॅडम न जेवता गेल्या.

त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली. मी निवृत्त झालो. तात्याही झाले, ते आता कुणाशी फारसं बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. मॅडम तिथं मीटर तपासणीला असतात असं कळलं, म्हणून मुद्दाम भेटायला गेलो. एका लांबट खोलीत, मांडणीवर मीटरच मीटर, आणि मध्ये एकट्या मॅडम. केस बरेच पांढरे झालेले. मला बघून उठल्या, "काका!" म्हणाल्या आणि हातच धरला. वाईला भावाकडे राहतात, रोज येऊन-जाऊन करतात. चहा त्यांनी कँटीनमधून मागवला.

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही या खोलीत? तुम्हाला तर उपविभाग मिळायला हवा होता."

"देत हुते. दोनदा देत हुते. मी म्हणलं, माझ्या हाताखाली माणसं देऊ नका." त्यांनी टेबलावरचं एक मीटर उलटं करून बघितलं. "हे बरं हाय काका. मीटर जळलं तर मीटर जळतं."

मी पुरातल्या त्या गावांना आता चोवीस तास पाणी आहे वगैरे काहीतरी सांगितलं. दीपकची मुलगी शाळेत जायला लागली, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. दर महिन्याला जाऊन येती मी. तिची आई चहा करती. आमी दोघी बसतो." एवढंच.

ऑफिस सुटल्यावर आम्ही बरोबरच निघालो. मला कराडची गाडी हवी होती, त्यांना वाईची. दोन्ही गाड्या थांबतात त्या नाक्यापर्यंत चालत आलो. रस्त्यापलीकडे एक माणूस खांबावर चढत होता. कुठल्यातरी ठेकेदाराचा असावा. डोक्याला हेल्मेट नाही, पायात चप्पल, खाली शिडी धरायलाही कोणी नाही. मॅडमचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं.

वाईची गाडी आली. मी म्हणालो, "मॅडम, तुमची गाडी." त्यांनी ऐकलं नाही. कंडक्टरने दोनदा हाका मारल्या, घंटी दिली, गाडी गेली. त्या वर बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पर्सचा पट्टा मुठीत असा आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती. तो माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता, त्यांच्या खात्याचाही नसावा.

बऱ्याच वेळाने तो उतरला. त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली. मॅडमनी इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मग त्या माझ्याकडे बघून थोडं ओशाळं हसल्या. तेवढ्यात माझी कराडची गाडी लागली. "या काका. तात्यांना सांगा," असं म्हणाल्या, पण काय सांगायचं ते सांगितलं नाही.

मला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. त्या माणसाने शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या खांबाला लावली होती आणि तो पुन्हा चढत होता. मागून वाईची दुसरी गाडी येऊन थांब्यावर उभी होती. मॅडम थांब्यावर नव्हत्या. रहदारीतून हात आडवा धरत त्या रस्ता ओलांडून त्या खांबाकडे निघाल्या होत्या.